आधी जबाबदारी, मग कॅमेरा

अहिल्यानगर जिल्ह्यात कॅमेरा आता कोणाला चैन वाटत नाही. नगरच्या कापड बाजारातले दुकान असो, घोडेगावच्या कांदा मार्केटमधला आडतीचा गाळा असो, सुप्याच्या एमआयडीसीतले शेड असो की राहुरीकडच्या उसाच्या पट्ट्यातली एकटी वस्ती असो, भिंतीच्या कोपऱ्यात एक डोम किंवा बुलेट कॅमेरा दिसतोच. चौदा तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसारा असलेला, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा जिल्हा. पोलीस ठाणे आणि शेवटची वस्ती यांच्यातले अंतर इथे रात्री फारच जाणवते. विहिरीवरची मोटार, केबल, गोठ्यातली शेळी, दुकानातला गल्ला यांची काळजी माणसाला कॅमेऱ्याच्या दुकानापर्यंत घेऊन जाते आणि तिथे गेल्यावर पहिला प्रश्न निघतो तो बहुधा असा: किती मेगापिक्सेलचा घेऊ? चार कॅमेऱ्यांचा सेट केवढ्याला? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते पहिले नाहीत. या पुस्तकाने त्यांच्याआधी एक वेगळा प्रश्न ठेवला आहे. उद्या काही घडले, तर या चित्रीकरणाच्या आधारे कोण, कोणाला, कोणत्या गोष्टीचे उत्तर देणार आहे? कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, किती उंची, केवढी हार्ड डिस्क हे सगळे त्या उत्तरातूनच ठरते, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे आणि ते पटवून देण्यासाठी ही प्रस्तावना.

पहारा ही गोष्ट आपल्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली नाही. दख्खनच्या गावगाड्यात जागल्या होता, ठिकठिकाणी रामोशी, भिल्ल, कोळी यांच्याकडे राखणदारी होती. या राखणदारीचा गाभा रात्री जागण्यात नव्हता. गावात चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा. पावलांचे ठसे पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवले की तिथून पुढची जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर येई. माग लागला नाही, तर नुकसान भरून देण्याचे ओझे स्वतःवर येई. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणण्याचे कारण नाही. ज्यांच्यावर राखणदारी लादली, त्याच जमातींकडे संशयानेही पाहिले गेले आणि १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी इंग्रजांनी त्या संशयाला सरकारी शिक्का दिला. तरीही त्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती. पाहणारा उत्तरदायी होता. आजचा कॅमेरा पाहण्याचे काम कोणत्याही जागल्यापेक्षा अधिक सातत्याने करतो, पण उत्तर देण्याचे काम त्याला करता येत नाही. ते माणसालाच करावे लागते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कॅमेरे असूनही ज्या ठिकाणी ते निरुपयोगी ठरले, त्या प्रकरणांकडे नीट पाहिले तर लेन्स क्वचितच दोषी सापडते. तुटलेली असते ती उत्तरदायित्वाची साखळी.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो. कॅमेरा दिसला की चोर दुसरीकडे जातो, तेवढे पुरे, मग एवढा खल कशाला? हा आक्षेप तपासायला पुरावा उपलब्ध आहे. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे बसवलेल्या भागांत, न बसवलेल्या भागांच्या तुलनेत, गुन्ह्यांत सरासरी सुमारे १३ टक्के घट आढळली. सर्वाधिक फायदा वाहनतळांवर दिसला, निवासी भागांतही काही प्रमाणात दिसला, हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. जिथे कोणीतरी पडद्यावर प्रत्यक्ष लक्ष ठेवत होते आणि कॅमेऱ्यांच्या जोडीला प्रकाश, गस्त, रखवालदार असे इतर उपायही होते, तिथे परिणाम ठळक होता. नुसते रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रणेचा परिणाम फिका होता. हे अभ्यास मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेतले आहेत, तेव्हा ती टक्केवारी जशीच्या तशी नेवासे किंवा श्रीगोंद्याला लावता येणार नाही. पण त्यातला कार्यकारणभाव इथेही खरा आहे. चोर घाबरतो तो पकडले जाण्याच्या शक्यतेला. ज्या गावात कॅमेरा वर्षभर बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे तो खांबावरची शोभा होऊन राहतो. उलट या जिल्ह्यात अनेक गावांनी स्वीकारलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा घ्या. तिच्यात चित्र नसते. एक फोन केला की गावातल्या सगळ्यांचे फोन वाजतात, एवढेच. तरी ती उपयोगी पडते, कारण तिच्यात धावून येणारी माणसे आधीपासून जोडलेली असतात. धाकाचा उगम या प्रतिसादात आहे.

आधी प्रश्न ठरवून मग कॅमेरा लावला की काय साधते, याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यातले आहे आणि त्याचा चोरीशी संबंध नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या शेतीच्या, दाट वस्तीच्या भागात बिबट्यांचा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या पट्ट्यात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून काढता आला. हा अंदाज निघाला कसा? प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते आणि डावी बाजू उजवीसारखी नसते. म्हणून अशा अभ्यासात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, जनावराच्या अंगाच्या उंचीवर लावतात आणि ते नक्की जाणार अशा वाटांवर लावतात. ‘बिबट्या दिसला पाहिजे’ एवढा मोघम हेतू असता, तर झाडावर उंच टांगलेल्या एका कॅमेऱ्यानेही भागले असते. त्यात बिबट्या दिसला असता, पण कालचा आणि आजचा एकच की वेगळा, हे कळले नसते. दिसणे आणि ओळख पटणे यांतला हा फरक घर, दुकान, गोदाम यांनाही तसाच्या तसा लागू आहे.

हा फरक मोजता येतो, आणि निवडीचे सगळे गणित त्या मोजणीवर उभे आहे. पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठीच्या युरोपीय मानकात चित्रातल्या एका मीटर रुंदीला किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, मिळतात यावर उपयोगाच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. कोणीतरी आहे एवढे कळायला मीटरमागे २५ ठिपके पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटवायला २५०. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १,९२० ठिपक्यांचे असते. त्याला २५० ने भागले की ७.६८ मीटर येतात. याहून जास्त रुंदीची जागा चित्रात मावत असेल, तर त्या अंतरावरचा अनोळखी चेहरा पुराव्याच्या कामाचा नाही. आता सेटमध्ये सर्रास येणारी २.८ मिलिमीटरची लेन्स घ्या. ती शंभर अंशांहून अधिक पट्टा दाखवते, त्यामुळे तिच्यासमोर ही रुंदी जेमतेम तीन मीटरांवर भरते. दुकानदाराला मोबाइलवर सगळे अंगण, रस्ता, समोरचे हॉटेल दिसते आणि तो खूश होतो, पण रस्त्यावरचा माणूस त्यात केवळ एक आकृती असते. सहा मिलिमीटरच्या लेन्सने हेच अंतर सुमारे आठ मीटरांवर जाते, बारा मिलिमीटरच्या लेन्सने सोळा-सतरा मीटरांवर. याउलट लेन्स तीच ठेवून आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर ठिपके चौपट होतात आणि अंतर मात्र फक्त दुप्पट. शिवाय तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर ठिपके वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो आणि रात्रीचे चित्र पिवळट-काळपट, दाणेदार होते. विहिरीची खोली न पाहता जास्त एचपीची मोटार घेणारा शेतकरी जसा पैसे घालवतो, तसाच अंतर न मोजता मेगापिक्सेल घेणारा. म्हणून दुकानात जाताना खिशात टेप असावी आणि कागदावर दरवाजापासून भिंतीपर्यंतची मापे.

मापे हाती आली की जागा ठरवणे सोपे होते, पण सोपे आहे म्हणून ते नीट होतेच असे नाही. कॅमेरा चोराच्या हाताला लागू नये म्हणून तो छतालगत, पाच-सहा मीटरांवर लावण्याकडे कल असतो. आपल्या भागात त्याचा परिणाम ठरलेला. चित्रात येतात टोप्या, हेल्मेट आणि उपरण्याने बांधलेली डोकी. चेहरा हवा असेल तर एक तरी कॅमेरा अडीच-तीन मीटर उंचीवर, माणूस ज्या अरुंद जागेतून जाणारच तिथे समोरून रोखलेला हवा: दाराची चौकट, जिन्याचे तोंड, गल्ल्यासमोरची जागा. बाकीचे कॅमेरे परिसराची हालचाल टिपतील आणि पहिला कॅमेरा चेहरा टिपेल, अशी कामाची वाटणी करावी. पश्चिमेला तोंड असलेल्या दारात दुपारनंतर मागून ऊन येते आणि आत शिरणारा माणूस काळी सावली होतो. तिथे उजेड-अंधाराचा तोल सांभाळणारा, डब्ल्यूडीआर असलेला कॅमेराच लागतो. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्सपुढचे जाळे त्या दिव्याच्या उजेडात इतके पांढरे चमकते की मागचे काही दिसत नाही. उसाच्या हंगामात कारखान्याजवळची राख, उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, परतीच्या पावसातले थेंब हेही त्याच लेन्सवर बसतात. म्हणून महिन्यातून एकदा फडके मारता येईल, अशा जागी कॅमेरा असणे हाही निवडीचाच भाग आहे. गाडीचा नंबर हवा असेल तर त्यासाठी वेगळा कॅमेरा, अरुंद पट्ट्याची लेन्स आणि जलद शटर लागते. अंगण दाखवणाऱ्या कॅमेऱ्याकडून रात्री हेडलाइटच्या झगमगाटात नंबर वाचण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

टिपलेले चित्र किती दिवस राहणार, हा खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचारला जाणारा आणि घटनेनंतर सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ पद्धतीने सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने सलग रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क दिली, तर अकरा-बारा दिवसांनी जुने चित्र पुसून नवे लिहायला सुरुवात होते. आठ कॅमेऱ्यांना तीच डिस्क सहा दिवसही पुरत नाही. दिवाळीत आठवडाभर गावाला गेलेल्या कुटुंबाला परतल्यावर चोरी कळली, आणि ती पहिल्याच रात्री झालेली असली, तर आठ कॅमेऱ्यांच्या अशा डिस्कवर ती रात्र नसेलच. महिनाभराचा साठा हवा तर चार कॅमेऱ्यांना तीन-चार टीबी धराव्यात. विजेचेही असेच. चार कॅमेरे, डीव्हीआर म्हणजे चित्रीकरण साठवणारे यंत्र आणि राउटर मिळून लागणारी वीज एखाद्या पंख्याइतकीच असते, घरच्या इन्व्हर्टरवर ती रात्रभर सहज निभते. पण ती जोडणी बसवण्याच्या दिवशी मागून घ्यावी लागते. शेतावर पाळीपाळीने येणाऱ्या थ्री-फेज विजेच्या भरवशावर कॅमेरा ठेवता येत नाही, तिथे सौर पॅनेल आणि सिमकार्डावर चालणारा कॅमेरा अधिक शहाणपणाचा, जर त्या शिवारात नेटवर्क असेल तर. मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा वस्तीपासून विहिरीपर्यंत ओढलेली तांब्याची लांब केबल तो झटका थेट डीव्हीआरपर्यंत आणते. त्यासाठी अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर आणि लांब अंतराला फायबर यांचा विचार हवा. लॅनच्या केबलची मर्यादा शंभर मीटर आहे हेही लक्षात ठेवावे. आणि डीव्हीआरचे घड्याळ! ते दहा मिनिटे पुढे-मागे असले, तर फोनच्या नोंदींशी आणि शेजारच्या कॅमेऱ्याशी मेळ बसत नाही आणि चांगल्या चित्राचाही पुरावा ढिला पडतो.

पुराव्याची गोष्ट निघाली म्हणून जालना जिल्ह्यातले एक प्रकरण सांगायला हवे, कारण त्याने देशभराचा कायदा स्पष्ट केला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा गोरंट्याल यांचा दावा होता आणि त्याचा आधार होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण. चित्रीकरण होते, सीडी मिळाल्या होत्या. नव्हते ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र. वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल, तर हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मागणाऱ्याने सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर मात्र त्याला अपवादाने सूट देता येईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलमध्ये नंतर फेरफार झाला नाही हे दाखवणारे हॅश मूल्यही त्यात नोंदवायचे. घरातल्या चार कॅमेऱ्यांसाठी हे सगळे कशाला, असे कोणी म्हणेल. पण चोरी घरातच होते, आणि मोबाइलने टीव्हीच्या पडद्याचे शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप तपासाला दिशा देईल, खटल्याला आधार देणार नाही. डीव्हीआरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर कशी काढायची, ते यंत्र कोणाच्या ताब्यात आहे आणि प्रमाणपत्रावर सही कोण करणार, हे कॅमेरा बसवतानाच ठरले पाहिजे.

संस्थांच्या बाबतीत हे न ठरवण्याची किंमत फार मोठी असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतले लहान मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आल्यावर त्या शाळेतले काही दिवसांचे चित्रीकरण गायब असल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले. त्यानंतर निघालेल्या शासन निर्णयात शाळांमध्ये कॅमेरे सक्तीचे झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रीकरण तपासावे, असे त्यात म्हटले होते. शासनाच्याही लक्षात आले की नुसते बसवून भागत नाही, कोणी तरी नावानिशी जबाबदार असावे लागते. पोलीस ठाण्यांची कथा याहून बोलकी. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा अशा ठिकाणी कॅमेरे लावण्याचे, चित्रीकरण अठरा महिने, निदान एक वर्ष जपण्याचे आदेश दिले आणि देखभालीची जबाबदारी ठाणेदारावर टाकली. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांत चालू कॅमेऱ्यांचा अभाव असल्याच्या बातमीवरून त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. लोकवर्गणीतून किंवा निधीतून चौकात खांब उभा करणाऱ्या ग्रामपंचायतींनी या दोन्ही प्रकरणांतून शिकण्यासारखे आहे. उद्घाटनाची कोनशिला बसवताना वार्षिक देखभालीचा करार, वीजबिलाची तरतूद आणि पासवर्ड कोणाकडे राहील याचा ठराव झाला नसेल, तर सरपंच बदलला की कॅमेरेही मिटतात.

पासवर्ड हा शब्द इथे सहज आलेला नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ला केला, तो कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते म्हणून. त्याहून जवळचे आणि किळस आणणारे प्रकरण फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहात उघड झाले. तपासणीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यांतून महिला रुग्णांची दृश्ये चोरून विकली जात होती. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. तिथे दोन चुका एकत्र आल्या होत्या, जिथे कॅमेरा असूच नये अशा खोलीत तो होता आणि त्याच्या वाटेला भक्कम कुलूप नव्हते. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचण्या अनिवार्य केल्या, त्यामुळे विकत घेताना कॅमेरा या चाचण्या उत्तीर्ण झाला आहे का हे विचारणे प्रत्येकाच्या हातात आहे. पण चाचणी उत्तीर्ण झालेल्या कॅमेऱ्याचाही पासवर्ड बसवणाऱ्या मुलाच्या वहीत राहिला, तर चाचणीला अर्थ उरत नाही. फिटर निघून जाण्याआधी पासवर्ड बदलणे आणि त्याच्या मोबाइलवरचे अ‍ॅप काढून टाकायला लावणे ही उद्धटपणाची नव्हे, व्यवहाराची बाब आहे.

आता सर्वांत नेहमीचा युक्तिवाद: ज्याने काही केले नाही, त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला? या युक्तिवादात गृहीत धरले आहे की पाहणारा नेहमी सरळ असतो आणि पाहिलेल्याचा अर्थ नेहमी बरोबर लागतो. दोन्ही गृहीतके टिकत नाहीत. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले की राहत्या भागात इतर रहिवाशांच्या संमतीविना कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. वाटणी न झालेल्या वाड्यांच्या आणि एकत्र कुटुंबांच्या आपल्या जिल्ह्यात हा निकाल दारावर लिहून ठेवावा असा आहे. सून, सासू, शेजारीण, कामावरची बाई यांचा वावर मोबाइलवर पाहत बसणे ही सुरक्षा नव्हे. शेजाऱ्याच्या अंगणावर रोखलेली लेन्स थोडी वळवणे किंवा तेवढा भाग सॉफ्टवेअरने झाकणे अजिबात अवघड नाही. अर्थ चुकीचा लागण्याचा धोका तर याहून भीषण. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्या काळात देशभर मोबाइलवर फिरलेली, मूल पळवतानाची सीसीटीव्हीसारखी दिसणारी एक चित्रफीत मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होती. जिथे पारध्यांकडे, भटक्यांकडे अजून त्या जुन्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या नजरेने पाहिले जाते, तिथे ‘संशयित’ असे लिहून गावाच्या ग्रुपवर टाकलेली क्लिप एखाद्याच्या जिवावर उठू शकते. चित्रीकरण पोलिसांकडे जावे, ग्रुपवर नव्हे, हा नियम या पुस्तकात जागोजाग आला आहे तो यासाठी.

शेवटचा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. नेवासे तालुक्यातले शनि शिंगणापूर दारांविना घरांसाठी जगाला माहीत आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलपाविना शाखा उघडली, त्याचीही बातमी झाली. पाळत वाढवण्यापेक्षा असा विश्वास वाढवावा, असे म्हणणाऱ्यांना हे गाव आधार वाटते. पण शिंगणापूरचा विश्वासही निराधार नव्हता. तो शनिदेवाच्या कोपाच्या श्रद्धेवर आणि सगळे सगळ्यांना ओळखतात यावर उभा होता, म्हणजे तिथेही पाहणारा होता आणि हिशेब होता. भाविकांची गर्दी वाढली, अनोळखी माणसे आली, चोरीच्या तुरळक तक्रारी झाल्या आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे सुरू झाले. पुढे २०२५ मध्ये देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप चालवून भाविकांकडून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याचे प्रकरण विधानसभेत गाजले. असा व्यवहार कोणत्याही खांबावरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, तो दिसतो हिशेबाच्या तपासणीत. तेव्हा विश्वास की कॅमेरा, अशी ही निवड नाही. विश्वास टिकतो तोही कोणी तरी उत्तर द्यायला बांधलेले असते म्हणून, आणि कॅमेरा कामाला येतो तोही त्याच कारणाने. जिथे चांगला दिवा, मजबूत कडी आणि जागा शेजारी यांनी भागते, तिथे कॅमेरा न घेण्याचा सल्लाही हे पुस्तक मोकळेपणाने देते.

पैशाचा प्रश्न उरतो. एवढी काळजी गरिबाला परवडणारी नाही, असे वाटू शकते. पण वर सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांना पैसे लागत नाहीत. योग्य लेन्स मागणे, उंची कमी करणे, घड्याळ जुळवणे, पासवर्ड बदलणे, कॅमेरा वळवणे, महिन्यातून एकदा मागच्या आठवड्यातली एखादी रात्र उघडून पाहणे यांना खर्च नाही. महाग पडतात ती आठ कॅमेऱ्यांची अविचारी खरेदी आणि घटनेनंतर रिकामी निघालेली डिस्क. मोजून-मापून घेतलेले दोन कॅमेरे आणि मोठी डिस्क यांचा खर्च बहुधा त्या आठांपेक्षा कमीच भरतो. पुढच्या प्रकरणांत घर, दुकान, शेत, शाळा आणि ग्रामपंचायत यांचा वेगवेगळा विचार आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक कोरे पान ठेवले आहे. कोणत्या जागी कोणाची ओळख पटली पाहिजे, चित्रीकरण किती दिवस जपायचे, पासवर्ड आणि यंत्र कोणाच्या ताब्यात, पोलिसांना मूळ फाइल आणि प्रमाणपत्र कोण देणार, आणि कोणाचे खासगी आयुष्य चित्रात येता कामा नये, एवढे त्या पानावर नावांसह लिहावे. ते पान भरल्यावर दुकानात गेलात, तर विक्रेत्याच्या प्रश्नांना तुमच्याकडे उत्तरे असतील आणि भाव करायलाही बळ येईल. पान भरता आले नाही, तर खरेदी थोडी पुढे ढकलावी. ज्याच्या वापराची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नाही, तो कॅमेरा स्वस्तातही महाग आहे.